रवी दीर्घ, कविता ऱ्हस्व

३ ऑगस्ट, रविवार
मी विनय श्रीधर केतकर, वय चोपन्न, बी.कॉम., हडपसरच्या एका कारखान्यात लेखाधिकारी. फावल्या वेळात मराठी शब्दकोडी रचतो. सौ.शिवाय हे कोणास ठाऊक नाही. ते चारचौघांत मांडण्याचे धैर्य येते का, हे पाहण्यासाठी ही रोजनिशी.

निमित्त: सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी साहित्य मागवले आहे. संपादक देशपांडे बाई, निवृत्त मराठी शिक्षिका.

सौ. म्हणाली, "अहो, द्या की एखादं कोडं."
"मी कॉमर्सचा. मराठीत माझा अधिकार काय?"
"सोडवणारे काय मार्कशीट मागणार आहेत?"


६ ऑगस्ट, बुधवार
कोडे सोसायटीच्या कार्यालयातील पेटीत टाकले. नाव घातले नाही. विसरलो, असे नाही.

१० ऑगस्ट, रविवार
बाईंनी कोडे तळमजल्यावरच्या फलकावर लावले. खाली चिठ्ठी: "निनावी आले आहे. रचणाऱ्याने भेटावे." बी विंगचे जोग तिथे उभे राहून सांगत होते, "निनावी वगैरे सगळं नाटक. बाईंचंच आहे. इतकं नेमकं दुसरं कोण करतंय इथं?"

आनंद झाला. मग वाटले, खाली माझे नाव असते तर? "केतकर? कुठून तरी उतरवलं असेल." जोग असेच म्हणाले असते. वर आलो.

१२ ऑगस्ट, मंगळवार
फलकावर बाईंची लाल शाई: "आडवे सात, रवी. उभे तीन, कविता. एकाच घरात 'वी' आणि 'वि' या दोघांनी कसे राहायचे?"

खरे आहे. मी दोन्हीकडे ऱ्हस्व धरला. वडील 'रवि' असे लिहीत, माझा हात तसाच वळला. आजच्या नियमाने शब्दाच्या शेवटी दीर्घच हवा. शाळकरी चूक. ज्याची भीती होती, तेच झाले.

जोग: "मग बाईंचं नाही. कोणीतरी हौशी दिसतोय."

सौ.ला म्हणालो, बरे झाले नाव घातले नाही.
"म्हणजे बरोबर होतं तोवर बाईंचं, आणि चुकलं की तुमचं?"

जमा दुसऱ्याच्या खाती आणि नावे तेवढे माझ्या खाती, अशी नोंद कचेरीत मी कोणाला करू दिली नसती.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदन करून सरळ टेबलापाशी. 'रवी'चा 'रविवार' केला, म्हणजे 'वि' मध्ये आला आणि ऱ्हस्व राहिला. पण दोन घरे वाढली आणि उजवी बाजू सगळी मोडली. तिकडचे उभे शब्द नव्याने. 'वा'वर बराच वेळ अडलो. सौ. जिलबी ठेवून गेली, ती तशीच राहिली. संध्याकाळी जुळले. प्रत्येक घर आडवे आणि उभे, मोठ्याने वाचून तपासले.

खाली पूर्ण नाव लिहिले. अक्षर जरा बिघडले. तसेच ठेवले.

१७ ऑगस्ट, रविवार
बाईंकडे गेलो. दारातच सांगितले, "ते कोडं माझं. चूकही माझी. दुरुस्त करून आणलंय."
"बसा. आपण कॉमर्सचे ना?"
"हो."
"मग ताळा कसा नाही घेतलात?"

चष्मा लावून, पेन्सिल घेऊन तिथेच सोडवायला बसल्या. चहा आला, त्यांनी हात लावला नाही. मी भिंतीकडे पाहत होतो.
"हे उभं पाच येत नाहीये."
"सांगू का?"
"खबरदार."

निघताना म्हणाल्या, "अंकात घेईनच असं नाही. आधी पुरतं सोडवते. आणि केतकर, निनावी काही पाठवू नका. रागवायला माणूस लागतो समोर."

२४ ऑगस्ट, रविवार
बाईंचा निरोप नाही. वाट पाहत बसायचे नाही असे ठरवले. दुरुस्त कोड्याची प्रत सकाळी स्वतःच फलकावर लावली, पूर्ण नावासह. खाली गणपतीच्या मांडवाचे काम चालू होते, त्यामुळे माणसे होतीच.

जोग जवळ आले. "केतकर, हे तुम्ही?"
"हो."
"म्हणजे ते रवीवाले?"
"तोच मी."
त्यांनी खिशातून पेन काढले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "उभं नऊ चुकलंय तुमचं."

तिथून हललो नाही. पाहून सांगतो, म्हणालो.

घरी येऊन दोन शब्दकोश उघडले. उभे नऊ बरोबर आहे, असे माझे मत आहे. उद्या कारखान्याची बस गाठण्यापूर्वी जोगांची बेल वाजवून तसे सांगणार. ते वाद घालतील.

विनय श्रीधर केतकर
कर्वेनगर, पुणे
२४ ऑगस्ट