घामाने रंग बदलणाऱ्या शाईवरची बंदी उठवण्याबाबत

प्रति,
मा. परवाना व क्रीडा अधिकारी,
नगरपालिका, सान्ता रीता देल रिओ, आन्तिओकिया, कोलंबिया.

विषय : आमच्या छापखान्याचे सील काढण्याबाबत.
संदर्भ : शाईस 'बदनामीकारक द्रव्य' ठरवणारा आपला आदेश.

महोदय,

१. मी मार्लेनी ओस्सा, पॉलिएस्टर कापडावर डिजिटल छपाई करते. घाम लागताच हिरव्याची पांढरी होणारी शाई मी तयार केली आहे. धुतल्याशिवाय तिचा हिरवा रंग परतत नाही. कोण दमला आणि पाणी कुणाला द्यावे, हे प्रशिक्षकाला दुरूनच कळावे एवढाच माझा हेतू होता. गावच्या फुटबॉल संघाचे शर्ट याच शाईत छापले.

२. मध्यंतरापर्यंत सगळा संघ पांढरा झाला. गोलरक्षक जागचा हलला नव्हता, तोही भीतीने काखेपर्यंत पांढरा. हिरवेगार उरले एकटे कप्तान श्री. वेइमार. मैदानाकडेला एम्पानादा, म्हणजे तळलेल्या तिखट करंज्या, विकणाऱ्या फाबिओलाबाई ओरडल्या, "अरे बाळा, पळ की जरा! शर्टाची घडी मोडेल म्हणून उभा आहेस का?" मैदान हसले. त्यात शाईचा दोष नाही.

३. दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून कप्तान तक्रार करायला आमची चढण चढून आले. दारात पोचेपर्यंत त्यांची पाठ पांढरीफटक. "बघा मार्लेनीबाई, बिघडलीय तुमची शाई! काल झाली होती का अशी?" मी म्हटले, "नाही हो, काल नव्हती झाली." एवढ्यावर सील लागले. कप्तान आपले जावई आहेत, ही बाब मी येथे नमूद करत नाही.

४. छपाईयंत्र रोज चालवावे लागते. बंद राहिले की शाई आत वाळते, बारीक छिद्रे बुजतात आणि यंत्राचे डोके कायमचे जाते. दुसरे घेण्याची माझी ऐपत नाही. सील उशिरा निघाले, तर आत भंगार उरेल.

५. माझे मागील दोन्ही अर्ज 'काळजीपूर्वक वाचले' असा शिक्का घेऊन परत आले. पाने मिटून मी लावलेली टाचणी तशीच होती.

म्हणून या अर्जाच्या कडेला, कागद धरताना अंगठा टेकतो तिथे, त्याच कापडाची हिरवी पट्टी चिकटवली आहे. आपल्या कार्यालयातला पंखा बंद असतो, हे गावाला ठाऊक आहे. शिक्का आपण माराल तो मला मान्य आहे. पट्टी मात्र न धुता परत पाठवावी, ही विनंती.

आपल्या अंगठ्याची वाट पाहणारी,
मार्लेनी ओस्सा
दि. १४ मार्च

सोबत : पट्टी एक, सध्या हिरवी.