फॉर्ममध्ये नसलेला रकाना

मोन्तेविदेओ
३ मे २००४

ति. दार्दोमामास,
अनाहीचा सा. न. वि. वि.

मामा, मला नोकरी लागली. आणि पहिल्याच कामाला कुठे पाठवताहेत ऐक, तुझ्याच कत्तलखान्यात! परदेशी गिऱ्हाइकाची अट आहे, की गुरांना नीट वागवतात का ते बाहेरच्या माणसाने तपासायचं. बाहेरचं माणूस म्हणजे मी. शंभर गुरं मोजायची. किती घसरली, किती हंबरली, कितींना विजेची काठी लावली, आणि कपाळावर ती खिळ्याची बंदूक टेकवल्यावर किती पहिल्याच फटक्यात बेशुद्ध पडली. हंबरणं मोजायची आयडिया मला भारी आवडली. जनावर खोटं बोलत नाही ना.

जनावर अडकवायच्या खोड्यापाशी बंदूक घेऊन तूच असणार, त्यामुळे मला टेन्शनच नाही. आपली आडनावं वेगळी, कुणाला काही कळणार नाही. फक्त सगळ्यांसमोर 'चिमणे' म्हणून हाक मारू नकोस. मामीला सांग, तोर्ता तळून ठेव, मी उपाशी येणार आहे.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी अनाही


सान बोनिफासियो
११ मे २००४

चि. अनाहीस,
मामाचे अ. उ. आ.

मामीने तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. साहेबीणबाई, येताना तो पिवळा रेनकोट घालू नका. गुरं बुजतील आणि मार्क माझे जातील.

खरं सांगू, तू येतेस ते बरंच झालं. गेल्या वर्षी इथे लाईनचा स्पीड वाढवला. खोड्यात शिरलं की जनावर मान वर करतं, वास घेतं. जरा थांबलं की मान आपोआप खाली येते, तेव्हा बंदूक टेकवायची. सव्वीस वर्षं मी तसंच केलं. आता थांबलो की मुकादम पिंतोस मागून ओरडतो, दार्दो, दाढी करतोयस का त्याची. हलत्या मानेवर मारावं लागतं. चुकतं. मग दुसरा फटका. दर महिन्याला ऑफिसात जाऊन सांगतो, स्पीड कमी करा. माझं कोण ऐकतंय. तुझा कागद मात्र त्यांना ऐकावा लागेल.

जपून ये. आमचा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं लिहीत नाही.
दार्दोमामा


मोन्तेविदेओ
२८ मे २००४

ति. मामास,
सा. न. वि. वि.

शंभरातली नव्व्याण्णव! आमच्या ऑफिसात कुणाचा विश्वास बसेना. तू किती शांत उभा होतास रे. प्रत्येक वेळी मान खाली यायची वाट बघत होतास. मला मोजता मोजता भरून येत होतं. स्पीडचं तू उगाच घाबरवलंस. आणि तुझा तो पिंतोस, मला स्वतः खुर्ची आणून दिली त्याने. फॉर्मवर तिथेच सही करून दिली. माझी पहिली सही, मामा.

तोर्तांसाठी मामीला एक पापी. लोभ असाच ठेवा दोघं.
अनाही


सान बोनिफासियो
१४ जून २००४

चि. अनाहीस,
आशीर्वाद आहेतच.

त्या दिवशी सकाळी पिंतोसने लाईन निम्म्यावर आणली होती. तू बसमध्ये चढलीस आणि त्याने ती परत वाढवली.

मला तिथेच सांगता आलं असतं. दोन हातांवर तर उभी होतीस. पण किती दिवसांनी मला थांबायला मिळत होतं. वाटलं, पोरीने एकदा तरी मामाचं खरं काम बघावं. हावरटपणा केला.

काल नेहमीसारखा ऑफिसात गेलो तर तुझा कागद काचेत घालून भिंतीवर टांगलेला. म्हणाले, बाईंना तर सगळं उत्तम दिसलं, खाली सही कुणाची आहे वाच. मी वाचली.

मामीला यातलं काही माहीत नाही. तिला लिहिशील तेव्हा गोडच लिही.
दार्दोमामा


मोन्तेविदेओ
२६ जुलै २००४

ति. मामास,
नमस्कार कुठल्या तोंडाने करू?

तुला कळवलं नाही, पण या महिन्याच्या सुरुवातीला मी न सांगता येऊन गेले. गेटवर कार्ड दाखवलं आणि तुला दिसू नये म्हणून पाण्याच्या टाकीमागून मोजलं. शंभरात चौदा गुरांना दुसरा फटका. एकाला तिसरा. किती हंबरली ते इथे लिहीत नाही.

सगळं खरंखरं भरलं. खाली शेरा लिहिला, की माणूस चांगला आहे, घात स्पीडने होतोय. शेरा कुणी वाचलाच नाही. फॉर्ममध्ये स्पीडचा रकानाच नाही. बंदूक चालवणाऱ्याच्या नावाचा आहे, तो मी माझ्या हाताने भरला. कंपनीचं उत्तर आलं, दोष माणसाचा होता, माणूस बदलला. आमच्या साहेबांनी फाईल बंद केली. भांडले, तर म्हणाले, फॉर्म आहे तो असा आहे.

मी काय करू, मामा? रागाव हवं तर, पण पत्र लिही.
अनाही


सान बोनिफासियो
९ ऑगस्ट २००४

चि. अनाहीस,
अ. उ. आ., आधी होते तेवढेच.

रागावलो नाही. तू खरं लिहिलंस. खोट्याला पहिला हात मी लावला होता.

मला कातडी मिठात घालायच्या खात्यात टाकलंय. खोडा भिंतीपलीकडेच, सगळं ऐकू येतं. मी जेवत नाही म्हणून मामी मिठाला शिव्या घालते. घालू दे.

माझ्या जागी एल्बिओ फागुंदेस म्हणून आलाय. दोन मुलांचा बाप, ट्रेनिंग घेतलेला. गडी वाईट नाही. काल दुपारच्या सुट्टीत 'माते' चहाचं भांडं घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. विचारलं, जनावर मान वर करतं तेव्हा तुम्ही काय करायचात. म्हटलं, थांबायचो. म्हणाला, मला थांबू देत नाहीत, मग मी काय करू. म्हटलं, माझी भाची यातलंच शिकलीय, तिला विचारतो.

तो वाट बघतोय. त्याचा पत्ता खाली दिलाय. मला उत्तर नको, त्याला लिही.

तुझा,
दार्दोमामा