फ्रीजवरचा डेलिया

आदरणीय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? साडूसाहेब अळणी जेवायला शिकले की अजून ताटावरून रुसतात? इकडे मी ठीक आहे. (म्हणजे तुमची धाकटी बहीण गेल्या आठवड्यात बॅग घेऊन तुमच्याकडे निघून आली, त्यानंतर माणूस जितपत ठीक राहील तितपत.) तिनं तुमचे कान भरले असतीलच, म्हणून माझी बाजू कळवतो.

यंदा आमच्या बागेतल्या फुलांना नुसता ऊत आला. घरातल्या फुलदाण्या संपल्या, मग बरण्या संपल्या, मग पाण्याचे पेले. एके सकाळी माझ्या कवळीच्या पेल्यात गुलाब उभा होता आणि कवळी बशीत. तरी मी चकार शब्द काढला नाही. (कवळीशिवाय काढणार कसा?) पण तिनं डेलियाची फुलदाणी फ्रीजवर ठेवली, तेव्हा मात्र राहवलं नाही. फ्रीज सुरू झाला की थरथरतो आणि फुलदाणी काठाकडे सरकत येते. मी म्हणालो, आयुष्यभर कापडाच्या दुकानात काचेमागचे पुतळे नटवले आहेत, मांडणीतलं मला कळतं. ती म्हणाली, पुतळे उलटून बोलत नाहीत म्हणून तुमचं निभावलं. आणि तिनं अबोला धरला. मग मीही धरला, उगाच कमीपणा नको.

आता अबोल्यात संसार चालायचा कसा? चालला हो, फुलदाण्यांवर चालला. जेवणाच्या टेबलावर झिनिया आला की चहा तयार. खिडकीत अ‍ॅस्टर म्हणजे मी बाहेर चाललोय. उशाशी गुलाब म्हणजे डोकं दुखतंय, विचारपूस करा (पण न बोलता). खरं सांगतो ताई, बोलून आमचं इतकं कधी पटलं नव्हतं. मलाच भरून आलं आणि ती बाजारात गेलेली बघून मी तिच्या शिलाई मशीनवर पांढरा गुलाब ठेवला. याचा अर्थ सरळ होता. चुकलो.

मी दार नुसतं लोटून अंघोळीला गेलो आणि इकडे बोलावलेला प्लंबर आला. स्वयंपाकघरातला पाइप गळत होता. त्याला वाटेतल्या, मशीनवरच्या, सगळ्या फुलदाण्या हलवाव्या लागल्या. माणूस टापटिपीचा, काम झाल्यावर त्यानं त्या जिथं शोभतील तिथं मांडल्या. माझा पांढरा गुलाब गेला दाराशी, चपलांच्या स्टँडवर, नेमका तिच्या चपलांच्या वर. बाजारातून येऊन तिनं तो पाहिला. घरातून चालतं व्हा, याहून दुसरा अर्थ कुणी काढला असता? मी न्हाणीघरात, समेट झाला या आनंदात, गात होतो. बाहेर येतो तो घरात फक्त प्लंबर. म्हणाला, तुमच्या बाई फार शांत आहेत हो.

फोन ती उचलत नाही. साडूसाहेबांना नमस्कार सांगा.

आपला,
बोलण्यात कच्चा मेव्हणा

ता. क. हे पत्र तिला वाचून दाखवू नका, ऐकायची नाही. टेबलावर उघडं टाका आणि भाजी आणायला जा. दुसऱ्याच्या नावाचं पत्र ती सोडत नाही.

आणखी ता. क. (ताई, हा तुमच्यासाठी नाही.) अगं, तो गुलाब मी तुझ्या मशीनवर ठेवला होता. तोंडानं सांगायला हवं होतं, जमलं नाही. घर खायला उठलंय. बोलायला कुणी नाही म्हणून रोज प्लंबरला बोलावतो. आता गळणारे नळ संपले, आज सकाळी एक चांगला नळ मी स्वतःच पान्यानं बिघडवला. ये.