बुलबुलाच्या घरट्याला तुरपाई

३ मार्च
यंदा कॉलनीच्या बाग-स्पर्धेची ढाल माझीच. आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की आधी कुठे बोलली होतीस. या घरात बोलायची सोय आहे का? मी तोंड उघडलं की हे रेडिओचा आवाज वाढवतात. म्हणून ही डायरी. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे.
बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला. रेडिओ उचलून माळ्यावर टाकला. ढाल तिथे राहील, दारातून येणाऱ्याला आधी ती दिसली पाहिजे. हे म्हणाले, अगं, आधी मिळू तर दे. अशा माणसांमुळेच घरं मागे राहतात.

४ मार्च
मागची बाग आमची आणि धाकट्या जावेची मिळून. मध्ये विटांची एक ओळ, बास. माझ्या बाजूला गुलाब. खत, पाणी, छाटणी, सगळं वेळच्या वेळी. धाकटीच्या बाजूला काय आहे ते धाकटीलाही ठाऊक नसेल. एक वाळकं गुलाबाचं झाड, त्यावर फरशीचं फडकं टाकलेलं. तरी गेल्या वर्षी ढाल तिला! माझं पाणी उताराने तिकडे जातं म्हणून. कमिटीला उतार दिसत नाही.

६ मार्च
माझ्या सगळ्यात मोठ्या लाल गुलाबात बुलबुलाच्या जोडीने घरटं घालायला घेतलंय. विचारणं नाही, सांगणं नाही. उद्या काढून फेकणार. शिवणकामात मोठमोठी गिऱ्हाइकं मी सरळ केलीत, या दोन पाखरांची काय कथा.

७ मार्च
घरटं काढलं नाही. पडद्यांची ऑर्डर होती. उद्या.

८ मार्च
घरटं काढलं नाही. त्यात माझे दोरे सापडले! मशीन खिडकीशी असतं, कापलेले दोरे खिडकीच्या कट्ट्यावर पडतात. तिथून उचलतात. दिवसाढवळ्या चोरी. उद्या नक्की.

९ मार्च
कॉलनीच्या सेक्रेटरीणबाई पॅंट आखूड करायला आल्या होत्या. म्हणाल्या, यंदा नुसती फुलं बघणार नाही. ज्या बागेत गुलाब आहेत आणि पाखरंही सुखाने राहतायत, तिला ढाल. वीस तारखेला कमिटी घरोघर येणार. मी म्हटलं, आमच्याकडे पहिल्यापासून पाखरांना मोकळीक आहे. ह्यांना नेमका तेव्हाच खोकला आला.
खरं तर मी घरट्याच्या बाजूनेच होते. पडद्यांची ऑर्डर नुसतं निमित्त.

११ मार्च
घरटं जवळून बघितलं. काय ते काम! एक बाजू वर, एक खाली. कड मोकळी. दोरे लोंबतायत. कमिटी म्हणेल, शिवणाऱ्या बाईच्या बागेत हे असलं? सून म्हणाली, आई, हात लावू नका हं, त्यांचं घर अजून पुरं व्हायचंय, बिथरतील. हिला धड बटण लावता येत नाही आणि ही मला सांगणार.

१२ मार्च, दुपारी
दोघं उडाली तेव्हा गाठलं. लोंबते दोरे कापले. कडेने हिरव्या दोऱ्याची बारीक तुरपाई केली, आत फ्लॅनेलचं मऊ अस्तर लावलं. काट्यांनी हात ओरबाडले, पण फिनिशिंग असं की दुकानात मांडावं.

संध्याकाळी
बुलबुलीण आली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. आत न बसताच गेली. भारावली असणार.

१३ मार्च
आली नाही. नवऱ्याला घेऊन येणार असेल. आमच्या ह्यांच्यासारखाच असेल तो, उठवेपर्यंत उठायचा नाही.

१५ मार्च
आली नाही. धाकटीचा फोन दिवसभर कोकलत असतो, कुठलं पाखरू थांबेल? तिला जाऊन तोंडावर सांगितलं. म्हणाली, ताई, माझा फोन चार दिवसांपासून दुरुस्तीला दिलाय. हिच्याकडे उत्तर तयारच असतं.
बाकी बुलबुलीण दिसते अधूनमधून. खिडकीतला दोरा उचलते आणि विटांच्या पलीकडे जाते. जादाचं सामान तिकडे ठेवत असेल. माझ्याकडे पसारा चालत नाही हे तिला बरोबर समजलंय.

१६ मार्च
कळ्यांवर हिरवी कीड. सून म्हणते, बुलबुल होती तेव्हा ती वेचून खायची. हो, सगळी बाग पाखरंच चालवत होती, मी आपली झोपा काढत होते. धुण्याच्या पावडरचं पाणी फवारलं. सून म्हणाली, चिमूटभर टाका. चिमटीने कधी काही साफ झालंय? मूठ टाकली.

१८ मार्च
पानं करपली. उन्हामुळे. यंदाचं ऊनच वाईट आहे. पडद्याचं उरलेलं कापड जोडून झाडाभोवती आडोसा शिवला, खाली झालर. हे म्हणाले, आता माप घेऊन पायजमाही शिव त्याला. ह्यांच्या पायजम्याची उसवलेली शिवण मात्र आता तशीच राहणार.

२० मार्च, सकाळी
आज कमिटी. रात्रीत बऱ्याच कळ्या गळल्या. एक आहे, अर्धवट उमललेली. एक पुरे. गर्दीत फुलाचा डौल दिसत नाही. बुलबुलीणही वेळेवर येऊन बसेल. तिला प्रसंगाची जाण आहे.

संध्याकाळी
सगळे आले. मी आडोसा बाजूला केला. त्या धक्क्याने कळी गळाली. सेक्रेटरीणबाई घरट्यात डोकावल्या. म्हणाल्या, ही तुरपाई कोणाची? माझी, म्हटलं. चांगल्या कामाचं श्रेय मी सोडत नाही. मागचा एक टकल्या म्हणाला, शिलाई झाली, आता पाखरू दाखवा.
तेवढ्यात पलीकडून शीळ आली. अख्खी कमिटी माझ्या विटा ओलांडून गेली.
धाकटीच्या वाळक्या झाडात, फरशीच्या फडक्याच्या आडोशाला, घरटं. वाकडं. कड मोकळी. माझे लाल, पिवळे, हिरवे दोरे चारी बाजूंनी लोंबतायत. बुलबुलीण आत बसून छातीने घरट्याला गोलाई देत होती. एवढी माणसं बघूनही हलली नाही. बाजूला एक गुलाब फुललेला. बारका. पण फुललेला.
धाकटी म्हणाली, अहो, मी काही केलंच नाही. ती फडक्यामागे बसायला लागली म्हणून फडकं काढलं नाही, एवढंच.
ढाल तिला.
सून हळूच म्हणाली, आई, चहा टाकू का? टाक म्हटलं. आवाज जरा बसला होता, फवारणीमुळे.

२२ मार्च
धाकटी ढाल घेऊन आली. म्हणे, ताई, माझ्याकडे काचेचं कपाट नाही, तुमचा वरचा कप्पा रिकामा दिसतोय, तिथे ठेवू का? तुमचे दोरे आहेत घरट्यात, निम्मी तुमचीच आहे.
मी म्हटलं, तिथे रेडिओ असतो.
ह्यांनी मुकाट्याने माळ्यावरून रेडिओ काढला, पुसला, जागेवर ठेवला. आवाज मात्र लहान ठेवला. ह्यांचं काहीतरी बिनसलंय.

२३ मार्च, सकाळी
बुलबुलीण खिडकीत आली. माफी मागायला असेल. मी मशीनवरून मान वर केली नाही.
कट्ट्यावरचा लाल दोरा चोचीत धरून ओढायला लागली. दोरा लांब, इकडचं टोक माझ्या सुईत. तिला काही झेपेना, पण सोडेना. बराच वेळ ती तिकडून ओढतेय, मी इकडे बसलेय.
शेवटी सुईजवळून कात्रीने तोडून दिला. मशीन अडकून बसतं उगाच, म्हणून. बाकी काही नाही.