नवव्या गोष्टीतला पोस्टमन

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या भाचीचा नमस्कार. तुझा गुडघा, काकांची साखर आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेलं भांडण, सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. इकडे आई बरी आहे. तुम्हा बहिणींच्या अबोल्याला दोन वर्षं होतील. तुझं नाव निघालं की ती अजून उठून गॅस पुसायला लागते. पुसून पुसून शेगडीवरची कंपनीची अक्षरं गेली.

पत्राला कारण की मी मोठी झाले. (वयानं नव्हे, ते तू दर फोनला सांगतेसच.) आमच्या हॉस्पिटलात डोक्याला मार लागलेले, पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले पेशंट येतात. त्यांना दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येतं का, हे तपासायला बाहेरच्या देशातून एक चाचणी आली होती. छोट्या गोष्टी वाचून दाखवायच्या आणि विचारायचं, यात कुणी बोलू नये ते बोललं का, समोरच्याला काय वाटलं असेल. ती आपल्या भाषेत आणायचं काम माझ्याकडे आलं. आठवड्यात भाषांतर उरकलं, कॉलर ताठ करून फिरले, मग धडधाकट माणसांवर करून पाहिलं आणि तोंडावर आपटले.

एका गोष्टीत पाहुणी म्हणते, किती सुटलीस गं. आमच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "यात चुकलं काय? मायेनं म्हणतेय ना ती." झाले शून्य गुण. उलट जिथे कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं (यजमान पाहुण्याला विचारतो, चहा घेणार का?) तिथे सगळे खवळले. असं कुणी विचारतं का, सरळ आधण ठेवावं! त्या हिशेबानं आमचा निम्मा स्टाफ आजारी निघाला. मोठ्या डॉक्टरांना तर वॉर्डातल्या पेशंटपेक्षा कमी गुण पडले. (त्यांना हे कळवलेलं नाही. मला नोकरी हवी आहे.) हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नव्हतं. झटक्यातून चांगला सावरलेला एक बसकंडक्टर याच चाचणीत नापास झाला आणि घरचे त्याला एकट्याला फाटकाबाहेर सोडेनात.

मग भाषांतर फाडलं आणि वही घेऊन बाहेर पडले. इस्त्रीवाल्याकडे, लिफ्टमध्ये, केसपेपरच्या रांगेत, कोण काय बोलून जातं आणि कुणाला कुठे लागतं, हे सहा महिने टिपलं. वीस गोष्टी लिहिल्या, सगळ्या माझ्या हातच्या. कंडक्टर त्यात पास झाला. परवा तो एकटा बसनं आला आणि माझा कुर्ता उलटा आहे हे चारचौघांत न सांगता मला बाजूला बोलावून हळूच सांगून गेला. मावशी, मला रडूच आलं. पुढच्या महिन्यापासून सगळ्या वॉर्डांत माझीच चाचणी वापरणार आहेत. आता मी फुशारकी मारणार आणि तू ऐकणार, मोठ्यांचं कर्तव्यच आहे ते.

तुझी भाची

ता. क. : नवव्या गोष्टीतला पोस्टमन म्हणजे तू. वय बदललं, मिशाही दिल्या. तो मित्राकडे जातो, खुर्चीवरचा स्वेटर उचलतो आणि सगळ्यांसमोर विचारतो, एक बाही लांब कशी, कुत्र्यासाठी विणलाय का? तो स्वेटर मित्रानं पोस्टमनच्याच साठीला द्यायला आठ महिने खपून विणलेला असतो. त्यावर प्रश्न, पोस्टमनला हे माहीत होतं का? बासष्ट जणांना विचारलं. बासष्टच्या बासष्ट म्हणाले, नव्हतं. शिंपीणबाई म्हणाल्या, "बिचारा त्या दिवशी जेवला नसेल."

ता. क. २ : त्रेसष्टावी आई. एकोणीस गोष्टी अचूक सोडवल्या. नवव्या गोष्टीला म्हणाली, "त्याला माहीत होतं." मी ही गोष्ट बदलणार नाही. तेव्हा रविवारी ये. मला माहीत नव्हतं, एवढं एक वाक्य तिला सांग आणि त्यापुढचं जे काही सुचेल ते गिळ.

ता. क. ३ : स्वेटर कपाटात आहे. एक बाही लांब होती, त्याबाबतीत तुझं काही चुकलं नव्हतं. मागच्या थंडीत आईनं ती उसवून तुझ्या मापाची केली.