रस्त्यापलीकडचा हात

प्रिय रूडी,

शनिवारी तुझ्या दाराच्या मुठीला पोव्हितिकाची पिशवी अडकवून आले, ती अजून तिथेच लटकते आहे. आमच्या पुढच्या खिडकीतून तुझा लोखंडी जिना आणि ते दार स्पष्ट दिसतं, हे तू विसरला असशील तर आठवण करून देते. त्या गोड पावातलं अक्रोडाचं सारण आईच्या हाताचं व्हायचं तसंच जमलंय यंदा. ते खारींच्या पोटात जावं म्हणून मी सकाळभर पीठ लाटत बसले नव्हते. तीनदा येऊन दार ठोठावलं, तू उघडलं नाहीस. तुझा तो जुना घडीचा फोन बंद लागतो. म्हणून हे पत्र. समोरच्या घराला पत्र लिहिणारी मी या शहरातली एकटीच बाई असेन. पोस्टात टाकणार नाही, उगाच पोस्टमनची करमणूक नको. दाराखालून सरकवीन.

इकडची बातमी म्हणजे, आपला रस्ता ओस पडलाय. परवा रविवार होता, मॅच होती, आणि कुंपणाला लागून एकही गाडी नाही. गेली तीन वर्षं दर रविवारी काय जत्रा असायची! सगळ्या गाड्या राज्याच्या हद्दीपलीकडच्या, म्हणजे रस्त्यापलीकडच्या तुमच्या मिझुरीच्या. त्यांचा फोन तिकडच्या फुटपाथवर बेटिंग घ्यायचा नाही, आणि रस्ता ओलांडून आमच्या कॅन्ससमध्ये आला की घ्यायचा. म्हणून चांगले कमावते पुरुष गाडीत बसून, काचा वर करून, फोनवर डोळे लावून बसायचे. एक तर पायजम्यावरच यायचा, आठवतो? बाबा म्हणायचे, "चर्चमध्ये एवढी माणसं आली असती तर फादर रडला असता." आणि तू त्यांना थर्मासमधून कॉफी नेऊन द्यायचास, घरचं लग्न असल्यासारखा. आता डिसेंबरच्या एक तारखेपासून तिकडेही कायद्यानं सुरू झालं, त्यांना इकडे यायची गरजच उरली नाही. खरं सांगू? त्या शांततेत मला भीती वाटली. ते सगळे तिथेच बसलेत, फक्त मला दिसत नाहीत, असं वाटत राहिलं. दोनदा गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला म्हणून मी पडदा सरकवून पाहिलं. कुणी नव्हतं.

तुला कुठे रस्ता ओलांडावा लागत होता? तू तर याच घरात होतास. तळघरातल्या सोफ्यावर, बाबांच्या हत्यारांच्या पेटीवर पाय टाकून. आधी आपल्या टीमवर लावायचास, तेव्हा आम्हीही हसत होतो. मग भलत्याच देशांतल्या टेबल टेनिसवर लावायला लागलास. त्या खेळाडूंची नावं तरी तुला नीट म्हणता येत होती का रे? त्यापायी आईचा पियानो विकला गेला, तेव्हा मी महिनाभर तुझ्याशी बोलले नाही. मग बाबांची पिकअप गेली. रेल्वे यार्डात चाळीस वर्षं घासल्यावर त्यांनी स्वतःसाठी घेतलेली एकच गोष्ट होती ती. त्या दिवशी ते हातात किल्ली घेऊन अंगणातल्या त्या रिकाम्या जागेपाशी उभे राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, तुला आणि मलाही.

ती वाक्यं तुझीच होती, रूडी, कुणी तुझ्या तोंडात घातली नव्हती. "मी पलीकडे राहायला जातो. तिथे हे चालत नाही. बरा होईपर्यंत या बाजूला पाय ठेवणार नाही." बाबा फक्त "बघू" म्हणाले. तू डोक्यावर गादी घेऊन रस्ता ओलांडलास आणि टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत जाऊन राहिलास. मी पायरीवरून ओरडले, "स्वतःलाच हद्दपार करतोयस का रे? आठवडाभरात परत येशील, तेव्हा गादी इथेच ठेव!" तूही हसलास. मला वाटलं होतं, नेहमीसारखीच नाटकं.

पण तू पाळलंस. नाताळचं जेवण मी झाकून आणायचे आणि तू फुटपाथच्या कडेला उभ्यानं खायचास, बोटं चाटत. मतदानाच्या दिवशी तू थंडीत रांगेत उभा राहिलास आणि तिकडे हे सुरू होऊ नये म्हणून मत दिलंस. अगदी थोडक्यात ते मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी तू पलीकडून, मधून ट्रक जात असताना ओरडून सांगितलंस, "हरलो!" बाबा किती तरी दिवसांनी खदखदून हसले. म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा योग्य बाजूला लावलंस, आणि नेमका हरलास!" तुला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पण ते हसणं तुझ्यावर रागावलेल्या माणसाचं नव्हतं.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांनी खुणेनं पलंग पुढच्या खिडकीशी ओढायला लावला. तू रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी फुटपाथच्या अगदी कडेला यायचास, टोपी काढायचास. ते डावा हात वर करायचे. एवढंच. मी मागे उभी राहून चरफडायचे, की एवढासा रस्ता, तो दोघांना ओलांडता येऊ नये? आणि ऑगस्टमध्ये त्यांना घेऊन गेलो, तेव्हा तू तुमच्या बाजूनं शववाहिकेच्या बरोबरीनं चालत राहिलास. ड्रायव्हरला काय कळलं कुणास ठाऊक, त्यानं गाडी आणखी हळू केली. जिथे रस्ता आमच्या बाजूला आत वळतो तिथे तू थांबलास. मागच्या काचेतून मी तुला लहान लहान होताना पाहिलं. स्मशानात मी रडले ते बाबांसाठी कमी आणि तुझ्यासाठी जास्त.

त्यानंतरचं आपण दोघं कधी बोललोच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पुन्हा येऊन उभा राहिलास, टोपी हातात. खिडकीत कुणी नाही हे तुला माहीत होतं, तरी. मला बघवेना. मी बाबांचा तपकिरी स्वेटर अंगात घातला, त्यांच्या खुर्चीत बसले आणि पडद्याआडून हात वर केला. तू क्षणभर तसाच उभा राहिलास, मग मान हलवून स्वतःचा डावा हात दाखवलास. मी उजवा वर केला होता! चुका काढायला तू असा मेलेल्या माणसाच्या वेळीही तयार. तेव्हापासून रोज मी डावा हात वर करत आले. कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, भाऊबहीण दोघंही वेडे झालेत. पण काही सकाळी मी ठरवायच्या आधीच हात वर गेलेला असायचा, आणि त्या स्वेटरची बाही ओली असल्यासारखी जड लागायची. मला भुताखेतांचं काही खरं वाटत नाही, तुला माहीत आहे. तरी त्या सकाळी मी खुर्चीत एकटी नसायचे.

एक तारखेला तू आला नाहीस. दोन तारखेलाही नाही. मी रोज स्वेटर घालून बसते आणि समोर नुसता फुटपाथ दिसतो. शुक्रवारी तुझ्या खोलीखालच्या दुकानात जाऊन तुझ्या मालकाला, ऑर्विलला विचारलं, तर तो बिचारा कौतुकानं म्हणाला, "बरं नाही म्हणून रजेवर आहे. पण बाई, रूडीनं नवा फोन घेतलाय! बरं झालं ना, आता तुम्हाला फोटोबिटो पाठवेल." जुन्या फोनवर पैज लावता येत नाही, नव्यावर येते, हे त्याला काय माहीत. त्याच्याच टायरच्या ढिगावर बसले. आणि परवा रविवारी अंधारून आल्यावर, मॅच चालू असताना, तुझ्या खोलीच्या छतावर तो निळा उजेड हलताना पाहिला. तो उजेड मी ओळखते. तळघराच्या जिन्यावर उभं राहून मी तो कितीतरी संध्याकाळी पाहिलाय. आता घरातल्या रिकाम्या तळघरातूनही तो येतोय असं वाटतं. मी तिथलं दार लावून टाकलंय, तरी फटीखाली बघत राहते.

मी जाब विचारायला हे लिहीत नाहीये. तुला वाटत असेल की मोडलं, संपलं, आता बहिणीला काय तोंड दाखवायचं. तोंड तुझं काही फार देखणं नव्हतंच, ते मी जन्मापासून पाहतेय. लिहितेय ते बाबांचा निरोप आहे म्हणून. जायच्या आठवडाभर आधी एका दुपारी माझा संयम सुटला. म्हटलं, "आत्ता जाऊन त्याला कान धरून आणते, बाप मरतोय आणि हा दारात येत नाही!" त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. शब्द फुटत नव्हते, पण एकेक जुळवून म्हणाले, "नको. त्यानं पाळलेलं हे एकच वचन आहे. माझ्यासाठी मोडायला लावू नकोस." मग तुमच्या बाजूला बघत म्हणाले, "तिकडेही सुरू होईल. तो पडेल. त्या दिवशी बोलव त्याला. म्हणावं, बाहेर राहायचं कारण संपलं. आहेस तसा ये." ऐकलंस ना, रूडी? बरा होऊन ये, असं ते म्हणाले नाहीत. नवा फोन खिशात असेल तर तो घेऊनच ये, त्याचं काय करायचं ते आपण टेबलाशी बसून ठरवू. उद्या सकाळी मी खुर्चीत बसणार नाही. स्वेटर धुवायला टाकलाय. खिडकीकडे बघू नकोस, तिथे हात वर करणारं कुणी नसेल. मी दारात उभी असेन, दार उघडं टाकून, कितीही बर्फ आत आला तरी. ती पिशवी घेऊन ये. आणि रस्ता ओलांडताना आधी दोन्हीकडे बघ, बाबा शिकवायचे तसं.

तुझीच,
मार्लीन