खवट अक्रोड

ऐन-सिंदियान
रविवार, १६ ऑक्टोबर २०२२

प्रिय हियाम,

तुला, मिलादला, मुलाला-सुनेला आणि दोन्ही पिल्लांना आमच्या घराचा सलाम. आम्ही बरे आहोत. तुझ्या थोरल्या दिराची, गत्तासची, कंबर होती तशीच आहे, म्हणजे काम निघालं की दुखते आणि पत्ते निघाले की थांबते. जैतुनाला यंदा फळ कमी. वीज तासभर येते, तीही आपण बाहेर असताना. सिस्टर मार्तांचे गुडघे गेले, पण आवाज शाबूत आहे, शाळेच्या फाटकापासून ऐकू येतो.

तुमच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या मी दर शनिवारी उघडते. तुझ्या कुंड्या जिवंत आहेत, एक सोडून. ती मी पाणी जास्त घालून मारली. तेरेझची मुलगी गुरुवारी सिडनीला निघते आहे, तिच्याच हाती हे पत्र देते आहे. तिच्या तोंडून कुंडीचं कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

सव्वीस वर्षं आपण एका घरात वर-खाली राहिलो, पण चिठ्ठी लिहायची वेळ कधी आली नाही. साखर हवी असली तर जिन्यातून हाक, भांडायचं असलं तरी जिन्यातूनच. आता तू फोन करतेस आणि दर वेळी मी नेमकी आंघोळीला गेलेली असते, असं गत्तास तुला सांगतो. एवढी स्वच्छ बाई मी कधीच नव्हते, हे तुला माहीत आहे.

बातमी अशी, की ओटच्या वड्या मी पुन्हा सुरू केल्यात. ऑगस्टात मठाच्या जत्रेत ठेवल्या होत्या. बैरूतची ती दुकानवाली मदाम नायला आली, तुकडा तोंडात टाकला आणि पुन्हा माल द्याल का म्हणून विचारलं. आपण ज्याला चुरा म्हणायचो त्याला ती अजून ग्रॅनोला म्हणते आणि काचेच्या बरणीत भरते. पेपरात फोटोही आला. या वेळी माझा अख्खा चेहरा आहे.

आणि तो फोटो बघून आपल्या बायका मला, नसीमच्या आईला, काय म्हणाल्या सांगू? "वा उम्म नसीम, अगदी हियामसारख्या झाल्यात हो वड्या!" तू चौदा हजार किलोमीटर लांब आहेस, तरी माझ्या ताटात तुझाच हात.

पहिल्या फोटोत माझं फक्त कोपर आलं होतं, आठवतं? दोन वर्षांपूर्वीची नाताळची जत्रा. तू मधोमध, हातात थाळा, केस नीट बसलेले. डाव्या कडेला एक कोपर. गत्तासने तो फोटो कात्रीने कापून फ्रिजवर लावला. कापताना कोपरही गेलं. मी म्हटलं, "अहो, ते माझं होतं." तर म्हणतो, "हो का? मला वाटलं थेरडा जिरजी." वर म्हणाला, "काही म्हण, हियामच्या हाताला चव आहे." तीस वर्षं मी या माणसाला रांधून वाढते आहे. आजवरची माझी सगळ्यांत मोठी तारीफ म्हणजे, "मीठ बरोबर आहे."

त्या फ्रिजमधून मला दिवसातून वीस वेळा काहीतरी काढायचं असे.

मी गावभर सांगत फिरले की वड्या मूळ माझ्या, हियामने नाव कमावलं. ते तुझ्या कानावर आलंच असेल. त्यात खोटं काय होतं? मदतीच्या खोक्यांतून ओटची पाकिटं आली तेव्हा सगळ्या गावाने ती कोंबड्यांना घातली. पैशाला किंमत उरली नव्हती, दुकानांच्या फळ्या रिकाम्या, पोरांना सकाळी द्यायला काही नाही, आणि सिस्टर मार्ता डोक्याला हात लावून बसलेल्या. माझी कोठी उघडली कोणी? मी. खरूबाच्या शेंगांची काकवी माझी, तिळाची ताहिनी माझी, सुके अंजीर माझे, अक्रोड माझ्या झाडाचे. ओट तव्यावर तीळ घालून परतले, घरभर वास सुटला, बडीशेप चुरडून टाकली, काकवी आणि ताहिनी ओतली, थाळ्यात थापून भट्टीत घातलं.

आणि बाहेर काढलं तर वडी एकही पडली नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळा भुगा झाला होता. मी तो थाळा घेऊन कोंबड्यांकडे निघाले होते आणि जिन्यात तू भेटलीस. चिमूटभर तोंडात टाकून म्हणालीस, "अगं थांब, चव सोन्यासारखी आहे. काकवी नुसती गरम केलीस ना? तिला तार येऊ दे. आणि थापल्यावर रात्रभर हात लावू नकोस." दुसऱ्या दिवशी वड्या पडल्या. चौकोनी, कडक, कडेला तीळ चमकणाऱ्या. आणि उरलेला चुरा दुधातून द्यायचा, हेही तुझंच डोकं. म्हणजे कोठी माझी होती, वड्या तुझ्या होत्या. घे, लिहिलं.

लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

मग त्या फेब्रुवारीत तुला करोना झाला. ताप गेला, वास गेला तो गेलाच. तू कॉफीच्या डब्यात नाक खुपसून रडत होतीस ते मी दारातून पाहिलं. आत आले नाही. ईस्टरसाठी मदाम नायलाने मोठा माल मागितला होता. तू म्हणालीस, "नाही जमायचं मला. करपलेलं कळत नाही, कच्चं कळत नाही." आणि मग माझा हात धरून म्हणालीस, "तू असशील तरच करते. आजपासून तुझं नाक तेच माझं नाक."

मी हो म्हटलं. तेव्हा मनापासून म्हटलं, एवढं तरी मान.

अक्रोड कमी पडले. तू खाली आलीस. माझ्याकडे दोन पोती होती. एक त्या सालचं, कोठीत, फळीवर. दुसरं दोन वर्षांपूर्वीचं, जिन्याखाली, एक उन्हाळा पत्र्याजवळ तापलेलं. मी कुठलं ओढून काढलं असेल ते आता तुला कळलंच असेल, पण मी पुढे लिहिते, कारण गत्तासने बजावलंय, की अर्ध्यावर सोडू नकोस.

तू मूठभर अक्रोड माझ्यापुढे धरलेस. "उम्म नसीम, बघ गं जरा वास. ठीक आहेत ना?"

मी वास घेतला. खवट होते, हियाम. जुन्या तेलाच्या दिव्याला येतो तसला वास. शेंबड्या पोरालाही कळला असता, फक्त तुला कळणार नव्हता. तुझ्या पाठीमागे फ्रिज होता आणि फ्रिजवर तू होतीस, थाळा घेऊन हसत. मी म्हटलं, "ठीक आहेत. छान आहेत."

दिवसभर आपण दोघींनी मिळून केलं. मी ओट परतले, तू थापलंस. तू गुणगुणत होतीस, फार दिवसांनी. वड्या पाडून झाल्यावर पहिला तुकडा तू मला दिलास. "कशी झालीय?" मी चावला, गिळला. घशात कडू राहिलं ते रात्रीपर्यंत गेलं नाही. म्हटलं, "नेहमीसारखी." खोकी बांधली. दोऱ्याची गाठ मारायला बोट ठेव म्हणालीस तेव्हा मी बोटही ठेवलं.

मला काय हवं होतं? खोटं सांगणार नाही. एकदा तरी तुझी वडी कुणीतरी थुंकावी, एवढंच हवं होतं. त्याच्यापुढे काय, याचा विचार केला नव्हता.

ईस्टरनंतरच्या शनिवारी मदाम नायला सगळी खोकी गाडीत घालून परत घेऊन आली. चर्चच्या अंगणात, सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "हे माणसांना खायला पाठवलंत? खवट तेलाचा वास येतोय. माझ्या गिऱ्हाइकांसमोर माझं नाक कापलंत." मी तुझ्या शेजारीच उभी होते. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मग म्हणालीस, "चूक माझी. मला वास येत नाही, हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं." अक्रोड कुणाचे, ते तू बोलली नाहीस. कुणाच्या नाकाने तपासले, तेही नाही.

त्या एका नजरेत काय होतं, ते मी दीड वर्षं स्वतःला विचारते आहे. तुला कळलं होतं? की तुला वाटलं, माझंही नाक गेलं असेल? कळून गप्प बसली असशील तर सांग. नाही, सांगू नकोस. नाही, सांग.

त्यानंतर तू थाळे सिस्टर मार्तांना देऊन टाकलेस. भाजीसुद्धा मिलादला चाखायला लावायचीस. "हात गेला माझा," म्हणायचीस. यंदा मार्चात मुलाकडे निघून गेलीस तेव्हा सगळं गाव रडलं, मीही रडले आणि घरी येऊन फ्रिजवरचा फोटो काढून टाकला. मला वाटलं, आता मोकळी झाले. आणि मग मीच वड्या करायला घेतल्या, तुझ्यासारखी काकवीला तार आणून.

परवा तुझा निरोप आला, गत्तासच्या फोनवर, तुझ्या आवाजात. मी भाजी निवडत होते, त्याने मुद्दाम मोठ्याने लावला. तू म्हणत होतीस, की वास आता बराचसा परत आलाय, पण चूल तू सुनेकडेच दिलीस. तिथल्या आपल्या चर्चच्या बायकांनी वड्या करायला बोलावलं तर नाही म्हणालीस. "एकदा लोकांना खराब खाऊ घातलं, आता या हातावर माझा भरवसा नाही. उम्म नसीम करतेय ना, झालं. तिचं नाक सोन्याचं आहे."

मी भाजी तशीच सोडून उठले. गत्तास म्हणाला, "काय झालं?"

मी त्याला सांगितलं, सगळं एका दमात.

तो म्हणाला, "तिने तुला विचारलं होतं?"

"हो."

"वास घेतला होतास?"

"घेतला होता."

"आणि छान आहेत म्हणालीस."

"हो."

त्याने पायात बूट घातले आणि बागेत निघून गेला. जेवायला आला नाही. कंबर दुखणारा माणूस अंधार पडेपर्यंत दगड उचलून बांध रचत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेताना एवढंच म्हणाला, "तिला लिही. फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलून निसटशील."

काल मी मदाम नायलालाही फोन केला. अक्रोड माझे होते, खवट आहेत हे मला माहीत होतं, हियामला माहीत नव्हतं, असं सांगितलं. ती म्हणाली, "मग मी आता तुमच्याकडून काय म्हणून घेऊ?" मी म्हटलं, "घेऊ नका." तिने घेतलं नाही. आज चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सिस्टर मार्तांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "देवाकडे क्षमा माग." मी म्हटलं, "देवाने खोकी भरली नव्हती, हियामने भरली होती." बायका ऐकत होत्या. तेरेझने शाल ओढून घेतली आणि वाट बदलली. उद्यापर्यंत वरच्या गल्लीतल्या बहिऱ्या जिरजीलाही कळेल.

क्षमा कर, असं मी लिहीत नाही. तो शब्द तीनदा लिहिला आणि खोडला, कारण तू चटकन करशील, आणि त्याचाही मला रागच येईल. तू चांगली आहेस हे मला कधी आवडलं नाही. एवढंच कळवायला लिहिलं: तुझा हात गेलेला नाही. कधी गेलाच नव्हता. त्या दिवशी तू केलंस ते सगळं बरोबर होतं, पाक, थापणं, वड्या पाडणं, सगळं. फक्त ज्या माणसावर भरवसा ठेवलास तो माणूस खराब होता. चर्चच्या बायकांना हो म्हण. अक्रोड स्वतः हुंगून घे.

मला माहीत आहे पुढे काय होणार ते. तू तिथे वड्या करशील, लोक तोंडभर कौतुक करतील, कुणीतरी फोटो काढेल, तो फोटो इथे येईल, आणि गत्तास तो सगळ्यांना दाखवत फिरेल. माझ्या पोटात दुखेल. फार दुखेल, हियाम. दुखू दे. तू कर.

मिलादला हे पत्र वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. यापुढे फोन आला तर मी आंघोळीला गेलेली नसेन. आला नाही, तर तेही समजेन.

तुझा हेवा करत आलेली आणि अजूनही करणारी,
तुझी थोरली जाऊ,
नुहाद